मस्टरवरची तारीख

(वडाळ्याच्या विहारात तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. कायद्याची कलमं आणि सालं तेवढी नंतर कागद पुढे घेऊन तपासून घातली.)



मला कवितेवर बोलायला बोलावलं होतं. कविता आज खिशातच राहील. मी गोदीतला कंत्राटी कामगार, शिक्षण दहावी, आणि बोलणार आहे शाळेतल्या मास्तरांच्या बढतीवर. हसा. आमच्या टोळीतली पोरंही हसली. म्हणाली, आधी तुझी स्वतःची हजेरी कुठल्या वहीत लागते ते शोध, मग मास्तरांचं बघ.

माझी मावशी मास्तरीण आहे. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. बी.एड. १९९७ साली एका अनुदानित हायस्कूलात लागली, गणित शिकवते. मी दहावी झालो तो तिच्यामुळं. बीजगणित माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं. शाळा सुटल्यावर लोकल पकडून ती आमच्या खोलीवर यायची आणि नळावर भांडी घासता घासता मला समीकरणं सोडवायला लावायची. तिनं बजावलंय, 'माझं नाव घेऊ नको आणि शाळेचंही घेऊ नको. मला अजून तिथंच खडू धरायचाय.' म्हणून घेत नाही.

शाळा भाषिक अल्पसंख्याक संस्थेची. त्यांच्या भाषेशी माझं वैर नाही. गेल्या महिन्यात हेडमास्तर रिटायर झाले. ज्येष्ठतेत पहिलं नाव मावशीचं. खुर्चीवर बसवला तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी ज्युनिअर माणूस. संस्थेच्या भाषेचा आणि, योगायोग बघा, संस्थेच्या जातीचा. त्याच बैठकीत उपमुख्याध्यापकही नेमला. तो नऊ वर्षांनी ज्युनिअर. मग मावशीला बोलावून चहा पाजला. साहेब म्हणाले, 'मॅडम, तुमच्यासारख्या शिक्षिका मिळत नाहीत, वर्गाला तुमची गरज आहे.' मावशीनं चहा घेतला, घरी आली, आणि नववीचे पेपर तपासत बसली. रात्री अकरा वाजता मला फोन. एकच वाक्य. 'अरे, माझी अठ्ठावीस वर्षं कुठं गेली?'

मला ती कुठं गेली ते माहीत होतं, कारण आमच्या आजाची पण तिथंच गेली. म्हणून आधी गोदीचं सांगतो.

आजाच्या आधीची पिढी सकाळी गोदीच्या गेटवर उभी राहायची. टोळीवाला यायचा, तोंडं बघायचा, बोट दाखवायचा. तू ये, तू ये, तू नाय. त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, नाहीतर आदल्या रात्री त्याला पाजलेला माणूस आत. बाकीचे उपाशी परत. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, १९५१ साली मुंबईची योजना आली, डॉक लेबर बोर्ड आलं. कामगाराची नोंद झाली, नंबर मिळाला, पाळीनं काम मिळू लागलं. आजा सांगायचा, 'नंबर आला तवा मी पयल्यांदा मुकादमाच्या डोळ्यात डोळा घालून बघितलं.' नंबर सांगताना आडनाव विचारत नव्हते, बाप कोण हे विचारत नव्हते. १९९४ साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. नोंदीतली माणसं म्हातारी होऊन घरी बसली. माझ्या वाट्याला कंत्राट आलं. आज मी पुन्हा गेटवर उभा आहे आणि टोळीवाला व्हॉट्सअ‍ॅपवर बोट दाखवतो.

आजाचा जसा नंबर, तशी मास्तरची तारीख. आपल्याकडे संस्थाचालक मामा नाही, देणगी द्यायला गावाकडं जमीन नाही. मस्टरवर पहिली सही केली ती तारीख तेवढी आपली. ती कुणी दिलेली नसते, दर सकाळी जाऊन सही करून कमावलेली असते.

ह्या तारखेला कायद्यानं किंमत दिली. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. नाव घेताना दम लागतो, मास्तरलोक त्याला एमईपीएस म्हणतात. अंमल १९८१ पासून, नियमावली पण त्याच साली. नियम ३ म्हणतो की हेडमास्तरची जागा सर्वांत सेवाज्येष्ठ शिक्षकाला द्यायची. त्याची पात्रता पाहिजे आणि सेवेचं रेकॉर्ड समाधानकारक पाहिजे. नियम १२ म्हणतो की ज्येष्ठतेची यादी करा, सगळ्यांना द्या, मिळाल्याच्या सह्या घ्या, हरकती विचारात घ्या, आणि वाद उरला तर शिक्षणाधिकाऱ्याकडे न्या. अनुसूची 'फ'मध्ये पदवी आणि ट्रेनिंगप्रमाणे वरून खाली प्रवर्ग लावलेत. कायद्यानं स्वतःच त्याला ज्येष्ठतेची शिडी म्हटलंय. आमच्याकडे बोटीला लावतात तशी.

ह्या शिडीत एक मेख आहे, ती तुमच्यातल्या बी.ए. झालेल्यांनी डोक्यात ठेवा. नोकरीला लागल्याची तारीख वेगळी आणि प्रवर्गात शिरल्याची तारीख वेगळी. बिनट्रेनिंगचा ग्रॅज्युएट लागला तर तो बी.एड. होईल त्या दिवसापासून ट्रेण्ड ग्रॅज्युएटच्या रांगेत. आपली पोरं घरच्या ओढीनं आधी नोकरी धरतात, बी.एड. मागाहून करतात, आणि मधल्या काळात बापाच्या पैशावर बी.एड. होऊन आलेला माणूस रांगेत पुढं जाऊन बसतो. मावशीचं तसं झालं नाही. आजीनं कानातल्या कुड्या गहाण टाकल्या होत्या, त्यावर तिचं बी.एड. आधीच झालं होतं.

म्हणजे तिची तारीख चोख. मग गाडी अडली कुठं? कलम ३, पोटकलम २. त्यात लिहिलंय की अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या भरतीला हा कायदा लागू नाही. आणि व्यवस्थापन ज्यांची नावं शिक्षण संचालकाला किंवा उपसंचालकाला कळवील अशा आणखी जास्तीत जास्त तीन माणसांच्या भरतीलाही लागू नाही.

हे कलम वाचून माझं डोकं सणकलं. म्हटलं, जाळा च्यायला हे अल्पसंख्याक प्रकरण. मावशीनं मला खाली बसवलं. म्हणाली, 'जाळण्याआधी कुणी लिहिलंय ते बघ.'

मग बघितलं. ह्या सवलतीचं मूळ घटनेच्या कलम ३० मध्ये. धर्मानं किंवा भाषेनं अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. डिसेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत ह्या मसुद्यावर बाबासाहेब उभे राहिले तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की इथं अल्पसंख्याक हा शब्द रुंद अर्थानं घेतलाय, मद्रासहून मुंबईत येऊन राहिलेले लोक आणि महाराष्ट्रातून बंगालमध्ये जाऊन राहिलेले लोकही भाषेनं, संस्कृतीनं त्यात येतात. आणि त्याच्या आदल्या साली, १९४७ला, त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं त्यात अनुसूचित जातींना अल्पसंख्याक म्हणूनच उभं केलं होतं, किंबहुना अल्पसंख्याकांपेक्षाही जास्त संरक्षण मागितलं होतं. पुढं १९९३ साली केंद्र सरकारनं बौद्धांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं. म्हणजे हे कलम माझं पण आहे. बेळगावात मराठी शाळा चालवणारा माणूस ह्याच कलमाचा आधार घेतो. बहुसंख्याकांचा दांडगा उद्या शाळेच्या दारात येऊन म्हणाला की तुमचा हेडमास्तर आम्ही नेमणार, तर अडवायला हेच कलम आहे. तेव्हा जाळायची भाषा मी सोडली.

पण कलमाच्या आडोशाला कोण कोण उभं राहिलंय ते तरी बघायचं की नाही?

दिल्लीचा खटला घ्या. सिंधी एज्युकेशन सोसायटी. भाषिक अल्पसंख्याक, अनुदानित शाळा. दिल्लीच्या नियमात होतं की अनुदान घेता तर अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षकांचं आरक्षण पाळा. २०१० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही अट ह्या शाळेवर लादता येणार नाही. आता ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवा. १९४७ साली ज्यांना अल्पसंख्याक म्हणून संरक्षण मागितलं गेलं, त्यांनाच २०१० साली अल्पसंख्याकांच्या हक्काचं नाव सांगून दाराबाहेर ठेवता आलं. पगार शासनाच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत माझ्या बिडीवरचा कर पण जातो.

वर्गाबाहेर आरक्षणानं ठेवलं, खुर्चीबाहेर ज्येष्ठतेनं. केरळात मुस्लिम संस्थेच्या एका अनुदानित हायस्कूलचं प्रकरण १९९८ साली सुप्रीम कोर्टात गेलं. सिनिअर शिक्षक म्हणाला, नियमाप्रमाणं हेडमास्तर मी. कोर्ट म्हणालं, हेडमास्तर निवडणं हा संस्था चालवण्याच्या हक्काचा गाभा आहे, तिथं ज्येष्ठतेची सक्ती चालणार नाही. २००६ साली मलंकारा सीरियन कॅथॉलिक कॉलेजच्या खटल्यात तेच, प्रिन्सिपॉलच्या बाबतीत. केरळच्या विद्यापीठ कायद्यात बढतीनं प्रिन्सिपॉल नेमताना ज्येष्ठता आणि योग्यता बघा असं होतं. कोर्ट म्हणालं, अनुदान घेतलं म्हणून हा निवडीचा हक्क जात नाही.

मी कोर्टाला शिव्या देणार नाही. त्यातला मुद्दा मला समजतो. शाळेचा चेहरा हेडमास्तर असतो, तो बाहेरून लादला तर शाळा त्या समाजाची राहत नाही. पण मग मला कुणीतरी सांगा, अठ्ठावीस वर्षं त्याच शाळेत गणित शिकवलेली बाई बाहेरची कशी? तिच्या हाताखालून शिकून गेलेल्या त्यांच्याच समाजाच्या पोरांनी आपापली पोरं तिच्याच वर्गात घातलीत. ती त्यांची भाषा शिकली. घरी रागावली की त्यांच्याच भाषेत पुटपुटते. अशी बाई वर्गात चालते आणि ऑफिसच्या खुर्चीत चालत नाही, तर अडचण भाषेची आहे की आणखी कशाची? एका भाषेच्या संस्थेतसुद्धा वरचा आणि खालचा असतोच की. अल्पसंख्याक झालं म्हणून जात सुटत नाही, हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवायला नको.

काही मित्र म्हणतात, ज्येष्ठता म्हणजे गुणवत्ता नव्हे, ठोंब्या माणूसही फक्त टिकून राहिला की हेडमास्तर होतो. होतो. मी बघितलेत. पण नियमानं ठोंब्याला थांबवायची सोय ठेवली आहे, रेकॉर्ड समाधानकारक नसेल तर लेखी शेरा मारा, त्याला कळवा, त्याचं म्हणणं ऐका. मावशीच्या गोपनीय अहवालात एक वाईट शेरा नाही. तोंडावर स्तुती आणि हातात काही नाही. गुणवत्तेची पट्टी ज्यांच्या खिशात आहे ते ती काढून दाखवत नाहीत, तोवर मला मस्टर बरं.

आता एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो, नाहीतर वरचं सगळं ढोंग होईल.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच माणसांच्या एका संस्थेत नवा हेडमास्तर नेमला. नाव सांगत नाही. सत्काराला मला कविता म्हणायला बोलावलं. मी लिहिली, ठणठणीत म्हटली, टाळ्या घेतल्या, शाल घेतली. नंतर शाळेच्या शिपायानं बाहेर गाठून सांगितलं, यादीत पहिला दुसराच आहे. मातंग समाजाचा शिक्षक, वीस वर्षं झालेला. त्याला डावलून पदाधिकाऱ्याचा नातलग घेतला. तो शिक्षक तिसऱ्या रांगेत बसून माझ्या कवितेला टाळ्या वाजवत होता. त्यांनी पण कागदावर तेच लिहिलं असणार, आम्ही अल्पसंख्याक, हेडमास्तर निवडणं आमचा हक्क. त्यांनी वापरलेलं कलम खोटं नव्हतं. त्या शिक्षकाला भेटायला मी गेलो नाही. लाज वाटली. ती कविता मी फाडली नाही, वहीत आहे, खाली तारीख घालून ठेवली आहे.

म्हणून मी मागतो ते दोन्हीकडे लागू होईल असं मागतो. हेडमास्तर निवडायचा हक्क ठेवा. पण शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थेनं सेवाज्येष्ठ माणसाला डावललं तर का डावललं ते लेखी द्यावं, त्याच्या सहीनं. कारण धर्माचं असेल तर धर्माचं लिहावं, भाषेचं असेल तर भाषेचं. जातीचं असेल तर लिहिताना हात थरथरेल, तेवढं झालं तरी पुष्कळ. गणिताला धर्म कोणता आणि व्याकरण कोणतं? २०२० साली पश्चिम बंगालच्या मदरशांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं शिक्षक नेमणारा आयोग योग्य ठरवला. तिथं धर्म-भाषा शिकवणं आणि निव्वळ ऐहिक विषय शिकवणं ह्यात कोर्टानंच फरक केला. तो धागा धरून वकिलांनी पुढं जायला पाहिजे.

तोवर आहे त्या कायद्यात आपल्या हाती काय आहे? आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहे. माफी आहे ती हेडमास्तरला आणि नावं कळवलेल्या तिघांना. बाकी सगळा स्टाफ कायद्याच्या आत आहे. पगार, चौकशी, बडतर्फी, ज्येष्ठता, सगळं. अल्पसंख्याक शाळेतला मास्तर घाबरून बसतो, 'आपल्याला कायदाच लागू नाही' म्हणून. संस्थावाले पण हेच पसरवतात. १९५८ सालीच सुप्रीम कोर्टानं केरळच्या विधेयकावर सांगितलं होतं की संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. १९८६ साली दिल्लीत फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलचे कर्मचारी संघटना करून सुप्रीम कोर्टात गेले. शाळा अल्पसंख्याकांची, विनाअनुदानित. दिल्लीच्या कायद्यानं अशा शाळांतल्या कर्मचाऱ्यांना पगाराच्या आणि सेवेच्या संरक्षणातून वगळलं होतं. ते वगळणं कोर्टानं मोडीत काढलं. एकटा मास्तर नाही गेला, सगळे गेले, शिपायापासून.

आणि जाता जाता एक. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात पहिली ते आठवीच्या शिक्षकांना टीईटीची सक्ती केली. पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी राहिलेल्यांना नोकरीपुरती सूट, पण बढती पाहिजे तर टीईटी पाहिजेच. अल्पसंख्याक शाळांना हे लागू करायचं की नाही हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवायचा असं त्याच निकालात म्हटलं. प्राथमिकला असलेल्या ताई-दादांनी ह्याच्यावर लक्ष ठेवा.

परत मावशीकडे येतो. हेडमास्तरची जागा गेली, ती कोर्टातून परत येईल असं मी तिला खोटं सांगितलं नाही. पण उपमुख्याध्यापक? तो हेडमास्तर नव्हे. त्याचं नाव त्या तिघांत उपसंचालकांना कळवलेलं होतं का? नेमायच्या आधी, की आता मागची तारीख घालून कळवतील? कळवलं नसेल तर ती बढती ज्येष्ठतेच्या यादीतूनच व्हायला पाहिजे होती. कायद्याच्या कलम ९ मध्ये स्पष्ट आहे, बढतीत डावललेला कर्मचारी शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. मुदत तीस दिवस.

मी विचारलं, 'मावशे, यादी दाखव.' तिच्याकडे यादीच नाही. अठ्ठावीस वर्षं क्लार्क तिच्यापुढं शेवटचं पान धरायचा, 'मॅडम, इथं सही.' घाईत, तास सुरू व्हायच्या आधी. ती करायची. पोरांना उत्तरपत्रिकेचा आकडा पुन्हा तपासायला लावणारी बाई स्वतःच्या यादीचं पहिलं पान बघत नव्हती. चिडून बोललो मी तिला. ती म्हणाली, 'पहिलं पान मागितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मला पाचवीचं वेळापत्रक दिलं असतं.' मी गप्प बसलो. गेटवर उभा असताना मी तरी टोळीवाल्याला काय विचारतो?

परवा आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. माहितीच्या अधिकाराखाली, उपसंचालकांच्या ऑफिसला. ह्या शाळेनं कलम ३(२) खाली कुणाकुणाची नावं कळवली, कोणत्या तारखेला, आणि आवक नोंदवहीतला नंबर काय. माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहिला, सही तिची. सही करताना पहिल्यांदा तिनं सगळा कागद वरून खाली वाचला. शाळेला पण पत्र दिलंय, मागच्या सर्व ज्येष्ठता याद्यांच्या प्रती द्या म्हणून. पोच घेतली. क्लार्क पोच द्यायला तयार नव्हता, मी गोदीच्या कपड्यांत दारात उभा राहिलो, मग दिली.

माहितीच्या उत्तराला तीस दिवस लागतील, आणि अपिलाची मुदत पण तीस दिवस. तिच्या तीसातले सतरा गेले. उत्तराची वाट बघत बसलो तर दार बंद होईल, म्हणून अपील आधी टाकायचं आणि कागद मागाहून जोडायचे, असं वकील म्हणाले. जिंकूच असं त्यांनी म्हटलं नाही. फी कमी घेतो म्हणाले.

शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांच्याकडे जायचं आहे. मावशी एकटी जायला कचरते, आणि माझी त्या दिवशी दुसरी पाळी लागू शकते. तुमच्यापैकी दोघं-तिघं पाहिजेत, त्यातली एक मुलगी असली तर बरं. आणि कुणाच्या ओळखीत त्या मातंग शिक्षकांचा पत्ता असेल तर तो मला द्या. मावशी म्हणाली, 'त्यांना पण घेऊन ये, त्यांची यादी पण बघू.' त्यांची मुदत केव्हाच गेली, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'तरी घेऊन ये.'